स्ट्रेट पाइप नको, आधी गाडी लिफ्टवर घे

पत्र: "दादा नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, वय २९, अंबडला स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या दिवाळीत २०१७ ची सेकंड हँड मस्टँग जीटी घेतली, शाळेत असल्यापासूनचं स्वप्न होतं. पण गाडीचा आवाज मला दबलेला वाटतो. एक गॅरेजवाला म्हणतो कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर, आणि आवाज दाबणारा मफलर दोन्ही काढून सरळ पाइप टाकून देतो, अठरा हजारात, एका दिवसात. मित्र म्हणतात टाक. बाबा म्हणतात या घरात राहायचं असेल तर असलं काही करायचं नाही, खालच्या मजल्यावरच्या आजींना आत्ताच त्रास होतो. मला एवढंच सांगा, पाइप कोणता घेऊ, बसवून कसा घेऊ, आणि पोलीस पकडतात का?"

भावा, सगळ्यात आधी गाडीबद्दल अभिनंदन. वर्कशॉप चालवून, हप्ते भरून व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची गाडी, घरी आणणं सोपं नाही, आणि ती घेतल्यावर तिचा आवाज ऐकावासा वाटणं यात काही चूक नाही. ५ लिटरचं इंजिन, त्यात टर्बो नाही, त्यामुळे आवाजासाठीच लोक ही गाडी घेतात. तेव्हा मी तुला "आवाजाचा नाद सोड" असं सांगणार नाहीये. पण त्या अठरा हजारांच्या कामाला माझा स्पष्ट नकार आहे, आणि का ते नीट सांगतो कारण तुझे मित्र तुला हे सांगणार नाहीत आणि तो गॅरेजवाला तर नाहीच नाही.

त्याने काढलेले कॅट कुठे जाणार हे विचारलंस का त्याला? कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आत जी मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो, आणि हे कॅट भंगारात चांगल्या भावाने जातात. या गाडीला दोन बाजूंचे वेगवेगळे कॅट आहेत. म्हणजे तू अठरा हजार देणार आणि वर गाडीतला एक महागडा तुकडा त्याच्या दुकानात सोडून येणार. उद्या परत बसवायचे म्हटलंस तर मस्टँगचे मूळ कॅट आणायचे कुठून? फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, ही गाडी तर आधीपासूनच बाहेरून येत होती. सुटे भाग मिळतात, नाही असं नाही, पण आधी किंमत विचारून घे आणि मग ठरव.

आता कॅट काढल्यावर गाडीत काय होतं ते बघ. प्रत्येक कॅटच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढचा इंजिनाला सांगतो की पेट्रोल जास्त जातंय की कमी, मागचा फक्त बघत असतो की कॅट काम करतोय का. कॅट गेला की मागच्या सेन्सरला पुढच्यासारखंच चित्र दिसायला लागतं, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड पी ०४२० आणि पी ०४३०, एकेका बाजूचा एकेक. मग तोच गॅरेजवाला म्हणेल सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे सेन्सर जरा बाहेर धरणारा तुकडा, टाकतो, दिवा जाईल. दिवा जाईल पण धूर जाणार नाही. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइडवर गाडी अडकेल, आणि जिथे मशीनला नळी न लावताच पावती फाडून देतात तिथून पावती आणलीस तरी द्वारकेच्या सिग्नलला दहा मिनिटं उभा राहिलास की तो कच्च्या धुराचा वास तुझ्याच एसीतून आत येणार. वास येतो तेवढंच बरं म्हणायचं, कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वासच नसतो, आणि गाडीखाली एखादा जॉइंट लीक असेल तर ते थेट पायाखालून केबिनमध्ये शिरतं. तुझ्या शेजारी आई बसलेली असेल कधीतरी.

आणि एवढं करून पॉवर किती वाढणार? "बॅक प्रेशर कमी झालं की गाडी उडते" हे सगळीकडे ऐकायला मिळतं. टर्बोच्या गाडीत डाऊनपाइप, म्हणजे टर्बोच्या लगेच मागचा पाइप, बदलला आणि सोबत इंजिनाचं सॉफ्टवेअर ट्यून केलं तर फरक कळतो, ते खरं आहे. तुझ्या गाडीला टर्बो नाहीये. ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर असलेल्या इंजिनात मागचा पाइप बदलून पाच-दहाची वाढ झाली तर खूप झालं, ते तुला गाडी चालवताना कळणारही नाही. उलट जाडच्या जाड पाइप टाकला तर धुराचा वेग मंदावतो, आणि धुराची एक लाट जाताना मागचीला ओढून घेते तो फायदा खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, कमी होतो. म्हणजे शहरात, जिथे तू रोज चालवतोस, तिथे गाडी उलट जड वाटेल.

राहिला आवाज. मस्टँगचा तो गडगड आवाज कुठून येतो माहितीये का? तिचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा, असा घडवलाय की एका बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, दोन जवळजवळ, मग गॅप, मग परत. त्या विषम ठोक्यांमुळे प्रत्येक पाइपातून ते गुरगुरणं येतं. फेरारीच्या व्ही८ चा क्रँक वेगळा, ठोके सारखे, म्हणून ती किंचाळते. आता मजा बघ, हे गुरगुरणं मफलर बनवत नाही, ते इंजिनातूनच येतं. मफलर त्यातला कर्कश भाग खातो आणि जाड भाग ठेवतो. मफलर काढलास की जाड आवाज मोठा होईलच पण त्याच्यावर एक पत्र्यासारखा फाटका आवाज चढेल, आणि आठवडाभर भारी वाटून मग डोकं उठायला लागेल. दोन पाइप मध्ये कसे जोडलेत त्यानेही फरक पडतो, एच आकाराने जोडले तर गुरगुर टिकते, एक्स आकाराने जोडले तर दोन्ही बाजूंचे ठोके मिसळतात आणि आवाज जरा वरच्या पट्टीत, गुळगुळीत होतो. तुला जे हवंय ते मला वाटतं एचवालं आहे.

शिवाय ड्रोन, म्हणजे गाडीच्या आत घुमत राहणारा एकसुरी आवाज. हा शब्द मित्रांकडून ऐकला नसशील कारण त्यांना तुझ्या गाडीत तास-तास बसायचं नाहीये. टॉप गियरला शंभर-एकशेदहाच्या स्पीडला तुझं इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरतं. व्ही८ मध्ये क्रँकच्या एका फेरीत चार स्फोट, म्हणजे सेकंदाला साधारण १३३ ठोके. नेमक्या या पट्ट्यात बंद केबिन गुणगुणायला लागते, कानाच्या पडद्यावर कोणी बोट दाबून धरल्यासारखं वाटतं. समृद्धीला लागलास आणि क्रूझ लावून तासभर त्याच आरपीएमवर गेलास तर शिर्डी येईपर्यंत तुला गाणी बंद, बोलणं बंद आणि डोकेदुखी चालू. चांगले मफलर बनवणारे यावर उपाय करतात, पाइपाला बाजूने एक टोक बंद असलेली दोन-अडीच फुटांची नळी जोडतात, तिच्यात लाट जाऊन उलटी येते आणि मूळ लाटेला तिथल्या तिथे मारते. हे लांबीचं गणित असतं, इंचभर चुकलं तर दुसराच आरपीएम बंद होतो. अठरा हजारात एका दिवसात पाइप वाकवणारा हे करणार नाही.

पोलिसांचं विचारलंस. पकडतात. बुलेटचे काढून घेतलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवल्याचे फोटो तू बघितलेच असशील, राज्यात ठिकठिकाणी झालंय ते. कारवर लक्ष कमी जातं हे खरं पण कॉलेज रोडला संध्याकाळी एमएच १५ ची लाल मस्टँग वाजत गेली तर ती कोणाची हे शोधायला पोलिसांना वेळ लागत नाही. कायदा अगदी साफ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशीलाच्या बाहेर जाणारा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात बदल झाले, आता आवाज आणि प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र, आणि परवानगी नसलेला पार्ट बसवला म्हणून १८२अ खाली एका बदलाला पाच हजार, ते वेगळे. आपल्याकडे नवीन कार मंजूर होताना साडेसात मीटरवरून आवाज मोजतात आणि मर्यादा ७४ डेसिबलची आहे. डेसिबलचा हिशोब सरळ नसतो, दहाने वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो. स्ट्रेट पाइपवाली व्ही८ किती वर जाईल ते तूच समज.

इन्शुरन्सचं पण बघ. बदल न कळवता पाइप टाकला आणि खालून आग लागली किंवा ठोकली, तर सर्व्हेयर पहिला फोटो त्या पाइपाचाच काढेल.

आता आजींचं आणि बाबांचं. इथे मला वाटतं तू बाबांचं म्हणणं फक्त "लोक काय म्हणतील" एवढंच समजतोयस. तुझ्या गाडीचा शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास कधी होतो? हायवेला नाही. सकाळी पार्किंगमध्ये, थंड इंजिन चालू करतोस तेव्हा. कॅट गरम झाल्याशिवाय काम करत नाही, त्याला अडीचशे-तीनशे डिग्री तरी लागतात, म्हणून कंपनीने इंजिनाला शिकवून ठेवलंय की थंड असताना आरपीएम वर ठेव आणि स्पार्क उशिरा दे, म्हणजे गरम धूर पाइपात जाईल. त्यामुळे पहिलं मिनिटभर गाडी गुरकावतेच. आणि तुझी गाडी बहुतेक उभी असणार स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, वर स्लॅब, बाजूला काँक्रीटच्या भिंती, मागचा बंपर भिंतीकडे. आवाजाला बाहेर जायला जागा नाही, तो वर चढतो आणि पहिल्या मजल्याची फरशी थरथरते. जाड आवाज काचा बंद करून थांबत नाही. झोपेची गोळी घेऊन पहाटे डोळा लागलेल्या माणसाला ते काय वाटत असेल. रहिवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ डेसिबल आहे, तुझी मूळ गाडीसुद्धा तिथे ती पाळत नसणार. म्हणून पाइपाच्या आधीचं एक काम आजच कर, गाडी उलटी लाव, म्हणजे टिप, पाइपाची मागची तोंडं, मोकळ्या बाजूला येतील, आणि सकाळी चालू केली की पट्टा वगैरे सगळं आधीच लावून तयार राहा, वीस-तीस सेकंदांत हळूच बाहेर निघ, उभं राहून गरम करत बसायची या इंजिनाला गरज नसते. रेस अजिबात द्यायची नाही. आजींना जाऊन एकदा भेट, सकाळी किती वाजता निघतोस ते सांग. बाबा निम्मे तिथेच शांत होतील.

मग पाइप घ्यायचा का? बघ, तुला खोटं सांगून उपयोग नाही, मूळपेक्षा मोठा वाजणारा कुठलाही पाइप आपल्या रस्त्यावर कायद्यात बसत नाही, मग तो बोर्ला, मॅग्नाफ्लो अशा अमेरिकन कंपन्यांचा असो नाहीतर अंबडला वाकवलेला. डब्यावर अमेरिकेत चालतो असं लिहिलेलं असलं तरी आरटीओला त्याचं काही नाही. म्हणून मी तुझ्या जागी असतो तर पहिले गाडी दोन खांबी लिफ्टवर घेतली असती आणि बघितलं असतं की खाली आहे काय. सेकंड हँड गाडी आहे, आधीच्या मालकाने काय काय केलंय कोणाला माहीत. आवाज दबलेला वाटतो म्हणतोस, कदाचित एखाद्या मफलरची जाळी आतून तुटून पडली असेल, जॉइंटला काळं झालं असेल म्हणजे तिथून लीक आहे, पाइप टांगणाऱ्या हँगरचं रबर तुटून पाइप कुठे टेकत असेल. थंड इंजिन चालू करून लगेच जॉइंटच्या आसपास हात फिरव, हातमोजा घालून, साबणाचं पाणी मार, बुडबुडे आले की लीक. सेन्सरच्या पुढे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल देत बसतं. आणि कॅट दोन्ही जागेवर आहेत का ते तर बघच, नाहीतर मीटर बघून गाडी घेतलीस आणि खाली दोन नळ्याच निघाल्या असं नको व्हायला.

हे सगळं नीट असूनही मन भरत नसेल आणि जोखीम समजून उमजून बदलायचंच असेल, तर कॅटला हात लावायचा नाही, फक्त कॅटबॅक, म्हणजे कॅटच्या मागचा भाग, आणि तोही सगळ्यात शांत ग्रेडचा. बोर्लाचे तीन ग्रेड येतात, टूरिंग, एस-टाइप आणि अटॅक, मित्र अटॅक म्हणतील, तू टूरिंग बघ. त्यात आवाज फार मोठा होत नाही, पोत बदलतो, आणि मला वाटतं तू जे शोधतोयस ते पोतच आहे. व्हॉल्व्हवाला, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी झडप असलेला, घेणार असशील तर आणखी बरं, सोसायटीत बंद, पण बंद असताना तो खरंच मूळ गाडीएवढा शांत आहे का हे दुसऱ्या कोणाच्या गाडीवर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नकोस. बॉक्स मोठा असतो, शिपिंग आणि कस्टम धरून हिशोब लाखाच्या वर सहज जातो. धातू एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टील, घे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं, आणि गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढ्याशा फेऱ्यांमध्ये मफलर तापतच नाही, ते पाणी आतच साचतं. साध्या लोखंडाचा पाइप दोन-तीन पावसाळ्यांत आतून कुजतो, बाहेरून चकचकीत दिसत असला तरी.

बसवताना स्वतः उभा राहा, तू स्वतः वर्कशॉप चालवतोस, काम करणारी माणसं तुला फसवू शकत नाहीत. जुने नट आदल्या रात्री डब्ल्यूडी ४० मारून भिजवून ठेवायला सांग, गंजलेल्या सायलेन्सरचे नट जोर लावून फिरवले की स्टडच तुटतो आणि मग ड्रिल करत बसा. हँगरच्या रबरातून दांडी निघत नसेल तर साबणाचं पाणी लावायचं, रबर कापायचं नाही. काही गाड्यांत मूळ पाइप एकसंध असतो, मागच्या अॅक्सलवरून अख्खा निघत नाही, कापावा लागतो, तेव्हा किटसोबत आलेल्या कागदात कुठे कापायचं ते दिलेलं असतं, तिथेच आणि सरळ कापायचं, म्हणजे पुढे क्लॅम्प लावून तो परत जोडता येईल. गॅस्केट नवीन. सगळे क्लॅम्प आधी हातानेच घट्ट, मग पाइप जागेवर आणायचा, बंपर आणि टिपमध्ये बोटभर मोकळी जागा ठेवायची, ब्रेकच्या लाइनपासून आणि पेट्रोलच्या टाकीच्या शील्डपासून लांब आहे ना ते टॉर्च मारून बघायचं, आणि मग पुढून मागे असं एकेक कसायचं. मागून कसत आलं तर टिप वाकडीच राहते. गाडी चालू करायच्या आधी अख्खा पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे, हाताचे तेलकट ठसे तापल्यावर स्टीलमध्ये भाजून बसतात, ते नंतर जात नाहीत. पहिल्यांदा धूर निघेल थोडा, घाबरू नकोस, आतलं तेल जळतं ते. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की परत लिफ्टवर, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा. आणि सोसायटीच्या रॅम्पवर चढताना कोणाला तरी बाजूने वाकून बघायला सांग, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते जागोजाग उकरलेत, पाइप एक इंच जरी खाली आला तरी तो घासणारच.

मूळ सिस्टीम विकू नकोस, गॅरेजमध्ये सोडूही नकोस. वर्कशॉपला माळ्यावर बांधून ठेव, क्लॅम्प आणि नटासकट, उद्या गाडी विकताना किंवा आरटीओला पेठ रोडला न्यायची वेळ आली तर तेच लागेल. इन्शुरन्स कंपनीला मेल करून बदल कळव आणि उत्तर लेखी घे, ते नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला. आणि खऱ्या मोठ्या आवाजाची हौस असेल तर चेन्नई, कोइंबतूरच्या ट्रॅकवर ट्रॅक डे होतात, मित्रांसोबत एक वीकेंड काढ, तिथे रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत, घेतलीस की मूळ पाइपातूनही ही गाडी काय बोलते ते कळेल. नाशिकच्या सिग्नलला तिने तोंडच उघडलेलं नाहीये अजून.

तर या रविवारी लिफ्टवरचे फोटो काढ, दोन्ही कॅट, दोन्ही मफलर, सगळे जॉइंट जवळून, आणि थंड इंजिन चालू करतानाचा एक व्हिडिओ, गाडीच्या मागून दहा-बारा फुटांवरून. ते पाठव, मग कुठे काय बिघडलंय ते सांगतो. तोपर्यंत त्या गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस.